कॅप्टनने सांगितलेली जागा

या किनाऱ्यावरच्या एकूणएक माशाला आपण ओळखतो, असं कॅप्टन छातीठोकपणे सांगायचा. ते खरंही असेल. अडचण एवढीच होती की एकाही माशाने अजून कॅप्टनला ओळख दाखवली नव्हती.

तो खराखुरा कॅप्टन नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. होडीत पाय ठेवला की त्याला मळमळायचं, म्हणून तो खडकावरूनच गळ टाकायचा. टोपी मात्र जहाज चालवणाऱ्याची. आठवडाभर लोखंडी दोर वर-खाली करायचे आणि सुटीच्या दिवशी नायलॉनची दोरी वर-खाली करायची, असा त्याचा क्रम होता. फरक इतकाच की लिफ्टच्या दोराला खाली काहीतरी लटकलेलं असायचं.

गळाला काही लागतच नसे असंही नाही. खडक लागायचा. काठी कमानीसारखी वाकायची, कॅप्टनच्या मानेच्या शिरा फुगायच्या, आणि मग लक्षात यायचं की त्याने पुन्हा एकदा पृथ्वी पकडली आहे. पृथ्वी काही वर येत नसे. शेवटी दोरी तोडावी लागे.

त्याची बायको घरी शिवणकाम करायची. काम इतकं वाढलं होतं की तिला दुसरं मशीन हवं होतं, आणि ते ठेवायला घरात एकच जागा होती, ती म्हणजे गॅलरी. गॅलरीत कॅप्टनच्या काठ्या, रिळं, गळांचे डबे आणि शिशाची वजनं सुखाने नांदत होती.

"अहो, रविवारी दुपारी मशीन येतंय," बायको एका सकाळी म्हणाली. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय होती. त्यामुळे तिचं साधं वाक्यही टोकदार वाटायचं.

"आणि माझं सामान?"

"भंगारवाल्याशी बोललेय मी."

"अगं, तू माझा श्वास भंगारात घालतेयस."

"बरं, मग एक करा. रविवारपर्यंत तुमच्या हातचा एक मासा घरात आणा. एकच. मी मशीन दारातूनच परत पाठवते आणि उभ्या जन्मात गॅलरीचं नाव काढत नाही."

"केवढा?"

"मासा आहे असं कळावं, एवढा."

कॅप्टन हसला आणि त्याने आठवडाभराची रजा टाकली. त्याच्याकडे एक गुप्त जागा होती. दीपगृहाच्या पलीकडे कासवाच्या पाठीसारखा एक काळा खडक होता. ओहोटीला तिथे चालत जाता यायचं, भरतीला चारी बाजूंनी पाणी. तिथे एकदा फार पूर्वी त्याच्या गळाला एक भलामोठा मासा लागून निसटला होता. कॅप्टनच्या मते तो मासा अजून तिथेच होता आणि पस्तावत होता.

तो काठी घेऊन जिना उतरत असताना खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर आडवे आले. त्यांच्याही हातात काठी होती. तिच्यावरचं दुकानाचं लेबलही अजून निघालं नव्हतं.

"कॅप्टन, आम्हीही आता मासे धरायचं ठरवलंय. कुठे बसू, सांगा."

गळ टाकणारा माणूस तुम्हाला एकवेळ आपली किडनी काढून देईल, पण आपली जागा सांगणार नाही. तो या छंदाचा धर्म आहे. कॅप्टनने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आवाज खाली आणला.

"बर्फाच्या कारखान्यामागची भिंत. सांगू नका कुणाला."

त्या भिंतीखाली कारखान्याचा पाइप समुद्रात गळायचा. तिथे खेकडेसुद्धा नाइलाज असेल तरच जात, असं कॅप्टनचं मत होतं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात डॉक्टर. एका हातात एक लालबुंद तांबोशी, दुसऱ्या हातात दुसरी.

"काय जागा सांगितलीत! समुद्र एवढा तापलेला, आणि पाइपातून सारखं गार पाणी. उन्हात आपण फ्रिज उघडून उभे राहतो ना, तसे मासे उभे होते हो तिथे. ही एक तुमची."

बायकोने तांबोशी तळली. कॅप्टनने ती अशा चेहऱ्याने खाल्ली की जणू कुणाच्या तरी बाराव्याला बसला आहे.

"हा धरायचा का मग?" त्याने हळूच विचारलं.

"तुमच्या हातचा म्हटलं होतं. डॉक्टरांच्या नव्हे." बायकोने काटा बाजूला काढला. "पण तुम्हीच सांगितलेल्या जागी मासे आहेत, तर तुम्ही तिथे का जात नाही?"

"ती शिकाऊ लोकांची जागा आहे."

दुसऱ्या दिवशी कासवाच्या पाठीवर कॅप्टनने दोनदा पृथ्वी पकडली. परतताना डॉक्टर दवाखान्याच्या दारात वाट पाहत उभे होते.

"कॅप्टन, आमिष कुठलं लावता? मी आपली कोळंबी लावली होती."

आता मात्र या माणसाचा बंदोबस्त करायलाच हवा होता. कॅप्टनने इकडेतिकडे पाहिलं. दवाखान्याच्या भिंतीवर एक भलं मोठं पोस्टर होतं.

"टूथपेस्ट," तो म्हणाला.

"काय?"

"पावाची गोळी करायची आणि तिला टूथपेस्ट लावायची. पुदिन्याची."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "आयुष्य गेलं लोकांना हेच सांगण्यात. माणसं ऐकत नाहीत. आणि मासे ऐकतात?"

मासे ऐकत होते. त्या दिवशी डॉक्टर पिशवी भरून परतले.

एखाद्या दुसऱ्या माणसाला हे गुपित कळलं असतं तर प्रकरण तिथेच थांबलं असतं. पण दाताच्या डॉक्टरांसमोर दिवसभर एकामागून एक माणूस आ करून पडलेला असतो. त्याला ऐकावंच लागतं, आणि विषय बदलता येत नाही. एक दाढ भरेपर्यंत भिंत सांगून व्हायची, कवळीचं माप घेईपर्यंत टूथपेस्ट. पोस्टमन, औषधवाली, शाळेच्या मुख्याध्यापिका असे सगळे गालाला सूज घेऊन दवाखान्यातून निघाले, ते थेट काठी विकत घ्यायला गेले.

भिंतीवर गर्दी झाली. गावातल्या दुकानांत टूथपेस्ट मिळेना. आणि कॅप्टन रस्त्याने निघाला की लोक त्याला "गुरुजी" म्हणू लागले.

"गुरुजी, आता पुढचा धडा," पोस्टमनने भर बाजारात वाट अडवली. मागे दहा-बारा शिष्य उभे.

"पुढचा धडा अवघड आहे," कॅप्टन म्हणाला. त्याचा नुकताच तिसरा गळ तुटला होता आणि त्याच्या मनात या लोकांविषयी प्रेम नव्हतं. "डोळे मिटून बसायचं. मासा माणसाच्या डोळ्यांत बघतो. डोळ्यांत हाव दिसली की तो सरळ निघून जातो."

मुख्याध्यापिकांनी मान डोलावली. "आमच्या मुलांचंही तसंच आहे."

दुसऱ्या दिवशी कॅप्टनने लांबून पाहिलं. कारखान्याच्या भिंतीवर माणसांची एक लांबच लांब रांग, सगळ्यांच्या हातात काठ्या, सगळ्यांचे डोळे मिटलेले, हवेत पुदिन्याचा दरवळ. मधूनच कुणीतरी डोळे न उघडता एक मासा वर काढायचं, चाचपडत पिशवीत टाकायचं आणि पुन्हा ध्यानाला लागायचं. दृश्य असं होतं की देवालाही वाटावं, आपण खाली जाऊन चौकशी करावी.

संध्याकाळी घरी माशांचा महापूर. डॉक्टरांकडून दोन, औषधवालीकडून एक, मुख्याध्यापिकांकडून साफ करून, हळद-मीठ लावून एक. फ्रिजमध्ये दुधाला जागा राहिली नाही.

"गावातल्या सगळ्यांना मासे मिळतात," बायको म्हणाली. "एकट्या गुरुजींना नाही. उद्या शनिवार, अहो."

शनिवारी कॅप्टनला पृथ्वीसुद्धा मिळाली नाही.

रविवारी सकाळी त्याने अभिमान गिळला. त्याने खिशात टूथपेस्टची ट्यूब घातली, जहाजाची टोपी काढून बायकोची रुंद काठाची उन्हाळी टोपी चढवली, काळा चष्मा लावला आणि गुपचूप भिंतीकडे निघाला. सगळ्यांचे डोळे मिटलेले असणार, तेव्हा एका टोकाला बसायचं, एक मासा काढायचा आणि पळायचं. योजना निर्दोष होती. पण पोहोचता पोहोचता त्याला शिंक आली.

"गुरुजी," डॉक्टरांनी डोळे न उघडता हाक मारली. जिन्यात त्यांनी ती शिंक वर्षानुवर्षं ऐकली होती.

सगळे डोळे उघडले. लोकांनी सरकून मधोमध जागा करून दिली. पोस्टमनने स्वतःची उशी त्याच्याखाली सरकवली. सगळे त्याच्याकडे बघत बसले, आणि कॅप्टनला खिशातली ट्यूब काढता येईना, काठी सोडता येईना.

"मी फक्त बघायला आलोय," तो म्हणाला.

"बायकांची टोपी घालून?" औषधवाली म्हणाली.

"चौथा धडा सांगा, गुरुजी," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

आणि कॅप्टनच्या आत काहीतरी तुटलं. लिफ्टचा दोर तुटावा तसा तो धाडकन खऱ्यावर आला.

"कसला धडा? सगळं खोटं आहे. ही भिंत खोटी, टूथपेस्ट खोटी, डोळे मिटणंही खोटं. मी स्वतः दीपगृहाच्या पलीकडे कासवाच्या पाठीवर बसतो. साधी कोळंबी लावतो. डोळे उघडे ठेवतो. आणि इतक्या वर्षांत मला तिथे एक बोंबीलही मिळालेला नाही. कळलं?"

पाइपातून पाणी गळत राहिलं. मग डॉक्टर हळूहळू उठले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"बघितलंत?" ते इतरांना म्हणाले. "याला म्हणतात गुरू. स्वतःची जागा सांगतो, आणि वर म्हणतो तिथे काही मिळत नाही. म्हणजे हावरे लोक आपोआप गळून जावेत."

"मला आधीपासून शंका होती," पोस्टमन म्हणाला. "ही भिंत म्हणजे नुसती शिकाऊ लोकांची जागा."

बघता बघता काठ्या, पिशव्या, उशा गोळा झाल्या आणि सगळी पलटण दीपगृहाकडे निघाली. "ऐका तरी," कॅप्टन मागून ओरडला. लोकांनी मागे वळून नमस्कार केला.

भिंत रिकामी झाली. कॅप्टनने एकदा चारी बाजूंना पाहिलं. पावाची गोळी वळली, टूथपेस्ट लावली, गळ टाकला. क्षणभर थांबला. मग, कुणी बघत नाही याची खात्री करून, त्याने डोळे मिटले.

दोरी ताणली गेली.

आधी त्याला वाटलं, नेहमीची पृथ्वी. पण पृथ्वी कधी डावीकडे पळत नाही. ही पळाली, मग उजवीकडे पळाली, मग रीळ किंचाळायला लागलं. कॅप्टनने डोळे उघडले नाहीत. त्याने श्वासही घेतला नाही. भिंतीला गुडघे टेकून, बायकोच्या टोपीची नाडी दातांत धरून तो ओढत राहिला, आणि शेवटी त्याच्या पायाशी काहीतरी ओलं, जड, फडफडणारं येऊन पडलं.

त्या आठवड्यात गावाने धरलेल्या कुठल्याही तांबोशीपेक्षा ती मोठी होती.

कॅप्टनने साक्षीदार शोधला. कारखान्याचा पहारेकरी झोपला होता. भिंतीवर एक मांजर होती, पण तिला फक्त माशात रस होता. मग कॅप्टन धावत सुटला. मासा छातीशी धरून भर दुपारी तो घरात शिरला, तेव्हा मशीनवाला गॅलरीत शेवटचा स्क्रू पिळत होता आणि भंगारवाला पंख्याखाली पाणी पीत बसला होता.

"थांबा सगळे," कॅप्टन म्हणाला. "मासा."

बायकोने तोंडातल्या टाचण्या काढल्या. मासा खरोखरच मासा आहे असं कळत होतं.

"डॉक्टरांनी दिला?"

"मी धरला. मी. माझ्या हाताने."

"कुठे?"

"भिंतीवर."

"ती शिकाऊ लोकांची जागा ना?"

बायको जवळ आली. आधी तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे इतके ओले होते की क्षणभर तिचाही चेहरा मऊ पडला, आणि मशीनवाल्याने स्क्रू उलटा फिरवायची तयारी केली. मग तिने मासा उचलला, त्याचं तोंड उघडलं आणि वास घेतला.

"पुदिना," ती म्हणाली. "अहो, तुम्ही तर कोळंबी लावता."

तेवढ्यात कॅप्टनचा फोन वाजला. डॉक्टर होते.

"गुरुजी, कासवाच्या पाठीवर आहोत. डोळे मिटून बसलो होतो. आता उघडले, तर चारी बाजूंनी पाणी. हाच का चौथा धडा?"

"हो," कॅप्टन घाईने म्हणाला. "ओहोटीपर्यंत हलायचं नाही. डॉक्टर, फोन स्पीकरवर टाकतोय. फक्त एवढंच सांगा, आज तुम्ही मला मासा दिलात का?"

पलीकडे थोडी कुजबुज झाली. लाटांचा आवाज आला.

"माफ करा, गुरुजी," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "आज उशीर झाला खरा. ओहोटी लागली की लगेच आणून देतो. तोवर आधीचा पुरवा."

"म्हणजे हा आधीचाच," बायको म्हणाली, आणि मशीनवाल्याने स्क्रू पुन्हा घट्ट केला.

काठ्या मात्र भंगारात गेल्या नाहीत, बायको तेवढी कठोर नव्हती. सगळ्यात लांब काठी तिने गॅलरीत आडवी बांधली आणि तिच्यावर शिवून झालेले कपडे टांगायला सुरुवात केली. त्या काठीला लागलेलं काहीही तेव्हापासून निसटलेलं नाही.