दिल्लीला न उतरलेला माणूस

रघुअण्णांचं म्हणणं असं, की जगातले सगळे घोटाळे दोनच कारणांनी होतात. एक तर माणूस आधी विचार करत नाही, आणि केलाच, तर तो बायकोला सांगून बसतो. या खेपेला त्यांनी विचार नीट केला होता आणि पद्मावतीबाईंना त्याचा वाससुद्धा लागू दिला नव्हता. म्हणजे बेत फत्ते व्हायला हरकत नव्हती.

रघुअण्णा म्हणजे बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या पंपांच्या कारखान्यातले, विक्रीखात्याचे रघुनंदन. आजे-पणजे बेंगळुरूचेच, घरात मराठी, दारात कन्नड. कारखान्याचे पंप विकायला त्यांनी विमानानं देशभर इतक्या चकरा मारल्या, की त्यांच्या नावावर भरपूर मैल साठले. हे मैल म्हणजे विमान कंपनीनं वारंवार प्रवास करणाऱ्याला दिलेलं बक्षीस. पुरेसे साठले की फुकट तिकीट मिळतं. पुढे फिरतीचं काम तरुण मंडळींकडे गेलं, अण्णांच्या वाट्याला खुर्ची आली आणि मैल तसेच पडून राहिले. मग एक दिवस मोबाईलवर निरोप आला, की महिनाअखेरीला सगळे मैल बाद होणार. दोन तिकिटांना अगदी थोडे कमी पडत होते. एकदा दिल्लीला जाऊन आलं की भागत होतं.

दुसरं तिकीट कुणासाठी, हे सांगायलाच हवं.

येलहंक्याच्या त्यांच्या घरावरून विमानं जातात, तीही इतक्या खालून की पोट दिसतं. विमानतळ इकडे आल्यापासून पद्मावतीबाई गच्चीवर कपडे वाळत घालताना दर विमानाला मान वर करून बघत आल्या होत्या. बसल्या मात्र एकदाही नव्हत्या. कधी मुलांच्या परीक्षा आडव्या आल्या, कधी सासूबाईंचं दुखणं, कधी खुद्द गच्चीच गळायला लागली. "तुला विमानात बसवीन" असं रघुअण्णा दर वर्षी म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं, फक्त वर्ष ठरत नव्हतं.

"कुठं जायचंय तुला?" ते विचारत.

"कुठं का असेना. मला खिडकी पाहिजे. वरनं आपली गच्ची बघायचीय."

आणि अण्णा फिरतीवरून परत आले की पायातले बूट निघायच्या आत प्रश्न ठरलेला. "गच्ची दिसली का हो?"

"ढग होते," अण्णा सांगत.

ढग कुठले! अण्णा कायम वाटेच्या कडेची जागा मागून घेत आणि चाकं जमिनीला टेकेपर्यंत तोंड उघडं टाकून झोपत. भर एप्रिलातसुद्धा बेंगळुरूवर ढग असल्याचं त्यांनी सांगितलं होतं, आणि बाईंनी ते ऐकून घेतलं होतं.

तर बेत असा. शनिवारी रात्री रिकाम्या हातानं विमानात बसायचं. दिल्लीला पोचलं की विमानतळाच्या आतल्या आत फिरून परतीच्या विमानात बसायचं, आणि घरात कॉफीचं डिकॉक्शन उतरायच्या आत दारात हजर व्हायचं. मग पद्मावतीबाईंच्या वाढदिवसाला ताटाशेजारी दोन तिकिटं ठेवायची. इतका सुटसुटीत बेत, की शनिवार उजाडेपर्यंत अण्णा स्वतःशीच दोन-चार वेळा हसले.

शनिवारी दुपारी त्यांनी सहज स्वरात सांगितलं, "आज रात्री दिल्लीला जातोय. कारखान्याचे कागद आहेत. विमानतळावरच एका माणसाच्या हातात द्यायचे आणि तसंच परत यायचं. पिशवीसुद्धा नेत नाही."

हे बोलताना ते दोन गोष्टी विसरले. एक म्हणजे त्यांच्या घराण्यात आजवर कुणीही रिकाम्या हातानं गावाला गेलेलं नव्हतं. दुसरी म्हणजे पद्मावतीबाईंच्या थोरल्या बहिणीची मुलगी भार्गवी लग्न होऊन दिल्लीला होती, विमानतळापासून जवळच राहत होती आणि तिला सातवा महिना चालू होता.

"अगबाई, दिल्लीला?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला. "अक्का, आमचे हे दिल्लीला चाललेत बघ."

पुढच्या गोष्टींना अण्णांचा इलाज नव्हता. संध्याकाळी ही अक्का, म्हणजे भार्गवीची आई रत्नाबाई, रिक्षातून उतरल्या त्या एक भलीमोठी बॅग घेऊनच. चटणीपूड, मेतकूट, पुरणाच्या पोळ्या, आणि मधोमध उशीत निजवल्यासारखी एक बरणी.

"मिडीचं लोणचं आहे, रघुराव," रत्नाबाई म्हणाल्या. मिडी म्हणजे बोराएवढ्या कोवळ्या अख्ख्या कैऱ्या. "पोर महिनाभर त्याच्यासाठी जीव टाकतेय. तिकडे सगळं लोणचं मोहरीच्या तेलातलं, तिला वासच सहन होत नाही. तिचे डोहाळे तुमच्या हातून पुरतायत, पुण्य लागेल तुम्हाला."

"अहो रत्नाक्का, मला विमानतळाबाहेर पडायला वेळ नाही."

"पडूच नका. ती आणि जावई दाराशी येतायत. सरी का? ठीक ना?"

डोहाळ्यांपुढे सरी म्हणण्यावाचून कुणाची गत होते? पद्मावतीबाईंनी वर आपला स्टीलचा डबा ठेवला, त्यात चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, 'स्वल्पच आहे' असं म्हणून गच्च दाबून भरलेलं. मग अण्णांच्या तळहातावर दही घातलं आणि म्हणाल्या, "खिडकीशी बसा हो या वेळी. पहाटे उतरताना गच्ची बघा. मी उभी राहीन."

दही गिळताना अण्णांना उगीच ठसका लागला.

विमानतळावर पहिला धक्का बसला. लोणच्याची बरणी हातातल्या सामानात चालत नाही. बॅग काउंटरवर द्यावी लागली, आणि ती पोटात घेऊन विमान उडालं. म्हणजे आता दिल्लीला आतल्या आत फिरणं बाद. पट्ट्यापाशी उभं राहून बॅग घ्यायची, बाहेर पडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून आत शिरायचं. या खेपेला रघुअण्णा विमानात झोपले नाहीत. महिन्यातला हा शेवटचा शनिवार, आणि मैल जाऊन-येऊन पूर्ण झालेल्या फेरीचेच मिळणार; परतीचं विमान चुकलं तर मैल गेले, मैल गेले तर दोन्ही तिकिटं गेली, आणि 'तुला विमानात बसवीन' हे वाक्य पुन्हा पुढच्या वर्षावर गेलं. आजवर ते वाक्य बोलताना त्यांना काही वाटत नसे. आज ते किती वर्षं बोलतोय, हे त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं.

दिल्लीला पट्टा फिरत होता आणि अण्णांची बॅग सोडून जगातल्या सगळ्या बॅगा येत होत्या. ती आली तेव्हा तिच्याभोवती हिंगाचा असा दरवळ होता, की शेजारचे गृहस्थ दोन पावलं मागे सरले. अण्णा बॅग ओढत धावत बाहेर आले. दाराशी भार्गवी उभी होती, पोटावर हात ठेवून, आणि शेजारी तिचा नवरा मल्हार, मूळचा पुण्याचा.

"काका!" म्हणून भार्गवीनं वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, तेव्हा तिनं तिथल्या तिथं बॅग उघडली. बाकावर बसून बरणीतली एक मिडी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि ती रडायलाच लागली.

"तिखट लागलं का गं?" अण्णा घाबरले.

"नाही हो काका. घरचं लागलं."

अण्णांना घड्याळ दिसत होतं आणि रडणारी पोरही दिसत होती. ते तिच्याशेजारी बसले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. विमान काय, दुसरंही मिळतं, असं क्षणभर त्यांना मनापासून वाटलं. मग आठवलं, की दुसरं मिळत नाही.

"काका, घरी चला ना, दहा मिनिटांवर आहे. सकाळच्या फ्लाइटनं जा," मल्हार म्हणाला. "आणि ते कागद? पार्टी आली का?"

"कागद नाहीत," अण्णा म्हणाले, आणि मग सगळंच सांगून टाकलं. मैल, महिनाअखेर, गच्ची, वाढदिवस. "मला इथं काही काम नाही. मी नुसता आलोय. आणि आता निघालो नाही तर नुसता राहीन."

भार्गवी रडता रडता इतकी हसली, की मल्हारनं तिचा खांदा धरला.

"मावशीला सांगू नकोस हं," अण्णा उठत म्हणाले. "शप्पथ घे."

"शप्पथ. पण थांबा, डबा!" भार्गवीनं चित्रान्न एका पिशवीत ओतून घेतलं होतं आणि रिकामा डबा हातात धरला होता. "रिकामा कसा पाठवू? मावशी काय म्हणेल?"

"काही म्हणत नाही गं, दे इकडे!"

"नाही हो काका. पोटुशीनं रिकामा डबा पाठवायचा? अहो मल्हार, काहीतरी आणा ना."

मल्हार कॉफीच्या टपरीकडे धावला आणि मूठभर साखरेच्या पुड्या घेऊन आला. भार्गवीनं त्या डब्यात घातल्या, झाकण लावलं, तेव्हा कुठे अण्णांची सुटका झाली. डबा काखेत मारून ते असे पळाले, की लग्नात मुहूर्त टळत असतानाही तसे पळाले नव्हते.

सुरक्षातपासणीला डबा उघडायला लावला. जवानानं आत पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं. "इतनी चीनी? कहाँ से उठाई?"

"उठाई नहीं, साहब," अण्णा धापा टाकत म्हणाले. "बेटी ने दी. खाली डिब्बा नहीं लौटाते हमारे में."

जवानानं डब्याचं झाकण हळूच लावून दिलं. "हमारे में भी नहीं," तो म्हणाला. "भागिए अंकल, गेट बंद हो रहा है."

अण्णा विमानात चढले आणि दार लागलं. विमान तेच, हवाईसुंदरीही तीच. तिनं अण्णांना आपादमस्तक न्याहाळलं आणि काळजीनं विचारलं, "सर, आप उतरे नहीं थे क्या?"

"उतरा था. हो गया," अण्णा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा खिडकीची जागा मागितली. शेजारच्या मुलीनं ती आनंदानं दिली. अण्णा काचेला कपाळ टेकून बसले. झोपायचं नाही, गच्ची बघायची. आज तिला खरं सांगायचं.

पहाटे विमान बेंगळुरूवर आलं. डिसेंबरचे दिवस. खिडकीबाहेर कापूस पिंजून ठेवला होता. अण्णांनी काच पुसली, पलीकडे जाऊन पाहिलं, ओरडा खाल्ला, परत येऊन पुन्हा काच पुसली. थेट धावपट्टी दिसेपर्यंत त्यांना काही म्हणजे काही दिसलं नाही.

घरी आले तर पद्मावतीबाई गच्चीवरून उतरत होत्या. हातात लाल लुगडं, डोक्यावरून शाल, पापण्यांवर धुक्याचे थेंब. स्वयंपाकघरात, रात्री इथंच राहिलेल्या रत्नाबाई डिकॉक्शन गाळत होत्या आणि अण्णांकडे पाहून गालातल्या गालात हसत होत्या. भार्गवीनं शपथ पाळली होती. तिनं मावशीला अवाक्षर सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं होतं.

"दिसले का मी?" बाईंनी विचारलं. "हे लुगडं हलवत होते."

अण्णा बूट सोडायचे थांबले. "पद्मा, देवाशप्पथ सांगतो," ते म्हणाले, "ढग होते."

रत्नाबाईंच्या हातून गाळणं निसटलं. बाई मात्र हसल्या नाहीत. "माहितीय. मला तरी विमान कुठं दिसलं? नुसता आवाज आला. आवाजाकडेच हलवत होते." त्यांनी डबा उघडला, साखरेची एक पुडी फाडून अण्णांच्या कॉफीत घातली आणि समोर बसल्या. "एक सांगा. तुम्ही दिल्लीला गेलात आणि न राहता परत आलात. कुठं जायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं."

"तुझ्यासाठीच की गं."

"मग मी इतकी वर्षं दुसरं काय म्हणत होते? मला तरी कुठं उतरायचं होतं? मलाच घेऊन जायचं होतंत. एक तिकीट जास्त, आणि शेजारी मी."

रघुअण्णांनी कॉफीचा घोट घेतला. आधी विचार न करणं आणि बायकोला सांगणं, या दोन कारणांखेरीज घोटाळ्याचं तिसरंही एक कारण असतं, बायको काय म्हणते ते नीट न ऐकणं, हे आज त्यांना कळलं. पण कळून उपयोग काय, मैल तर जमा झाले होते.

महिनाअखेरीआधी त्यांची खुल्या तारखेची दोन तिकिटं निघाली, आणि ती वापरली भार्गवीच्या लेकीच्या बारशाला. स्वच्छ ऊन पडलेली सकाळ होती. निघताना बाईंनी लाल लुगडं गच्चीभर पसरून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. विमान उडालं, वळलं, आणि खिडकीशी बसलेल्या पद्मावतीबाईंनी काचेला नाक लावलं. मधल्या जागेतल्या अण्णांना त्यांच्या अंबाड्याखेरीज काही दिसत नव्हतं. बाईंचा खांदा हलत होता. त्या रडत होत्या, हे अण्णांना न बघता कळलं.

"पद्मा," त्यांनी हळूच विचारलं, "गच्ची दिसली का गं?"

बाईंनी मान वळवली नाही, की त्या खिडकीपासून तसूभरही सरकल्या नाहीत.

"ढग आहेत," त्या म्हणाल्या.