देवास मुक्कामी दलदलीवर जाहल्या स्वारीची हकीकत

श्री टेकडीवरील मातेचे चरणी मस्तक ठेवून आणि धारेच्या कालिकेस स्मरून हे वर्तमान लिहिले असे. कोणी म्हणेल, राज्ये खालसा जाहली, पागा मोडल्या, आता लढाया कसल्या? तर त्यास उत्तर हेच की, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि जोवर दोन होणारे व्याही समोरासमोर बसतात तोवर रणास तोटा नाही. शके एकोणीसशे तीस, सर्वधारी नाम संवत्सर, मार्गशीर्षमासी, रविवारी, दुपारची जेवणे उरकल्यावर देवास शहरी हडळीशी जे युद्ध जाहले ते येथे सांगितले आहे. पदरचे एक अक्षर घालू तर टेकडीवरून लोटून द्यावे.

धारेस राजमान्य राजश्री गोपाळराव म्हणोन गृहस्थ होते. पूर्वज धार दरबारी फडावर बसत, स्वतः गोपाळराव हेडमास्तरी करून निवृत्त जाहले, तरी चालणे हत्तीवरून उतरल्यासारखे. त्यांची कन्या चि. सौ. कां. इरावती कन्याशाळेत रसायनशास्त्र शिकवी. इकडे देवासेस तात्यासाहेब. त्यांचे पणजोबा थोरल्या पातीच्या, म्हणजे देवासच्या दोहोंपैकी थोरल्या राज्याच्या, पागेवर घोड्यांस दाणा घालीत. तात्यासाहेब त्यांस दिवाण म्हणत, आणि सांगता सांगता दिवाणांची मिशी दर वर्षी लांब होई. तात्यासाहेबांचे पुत्र मनन पुण्यास संगणकाचे चाकरीत होते, कंपनीने अमेरिकेस धाडिले होते, आणि आता परत येऊन लग्नाचे बाजारात उभे होते.

इरावतीस आजवर पाहावयास जे जे आले त्यांनी नोकरी सोडाल काय आणि पुरणपोळी जमते काय, इतकेच पुसिले. मनन यांनी मात्र टेलिफोनावर निराळेच सांगितले की, मी अमेरिकेहून एक पटावरचा खेळ आणिला आहे, त्यात खेळणारे परस्परांचे वैरी नसतात, सगळे मिळोन भुताशी लढतात, तरले तर सगळे, बुडाले तर सगळे; मला संसार तसा करावयाचा आहे. अहो, हे ऐकून पोरगी हरखली! खोटे कशास लिहावे, तो तिला मनापासून आवडला, आणि होकार तिने जवळजवळ पदरी बांधिलाच होता. त्याचे बोलणे एकवार खरे होताना डोळ्यांनी पाहावे, इतकीच इच्छा राहिली होती.

पहिली भेट धारेस जाहली होती. आता वधूपक्षाने घर पाहावे असे ठरले. इरावतीच्या मातोश्रींचे गुडघे धरल्यामुळे त्या मागे राहिल्या, आणि बापलेक भाड्याचे मारुती व्हॅनीत बसोन इंदूरमार्गे देवासेस दाखल जाहले. गळाभेटी जाहल्या, कचोऱ्या जाहल्या, दोन्हीकडील पूर्वजांच्या पराक्रमांची देवघेव जाहली, आणि दोघांनीही परस्परांच्या थापा मान डोलावून मान्य केल्या. मग मनन यांनी खेळाची पेटी बाहेर काढिली.

मूळ खेळ पडक्या इस्पितळातील भुतांचा. त्यास पुढे दलदलीची जोडपेटी निघाली, ती नवी कोरी त्याच दिवशी फोडिली. तींत दलदलीचा पट, तो इस्पितळाचे पटास एका पुलाने जोडावयाचा. तींत एक हिरवी हडळ. आणि कायदा असा की, ज्याचे प्यादे चिखलात रुतेल त्याने आपले बळाने निघू नये, सोबत्याने शेजारी येऊन हात द्यावा, न दिल्यास दर पाळीस उलटणाऱ्या पत्त्यासरशी ते खाली जावे, आणि एक बुडाला की सर्वांची शिकस्त. हडळ जावी तर तिचेसमोर कंदील पेटवावा. हे मनन यांनी इंग्रजी पुस्तक वाचून सर्वांस समजाविले. सर्वांनी समजले समजले म्हटले, आणि कोणी काही समजले नाही.

कारण तात्यासाहेब देवासचे! एका गावात दोन राज्ये नांदवून दाखविणाऱ्या मातीचे ते पाणी. तंटा टाळणे म्हणजे वाटणी करणे, ही त्यांची घुटी. त्यांनी हुकूम फर्माविला की, इस्पितळाचा मुलूख देवासकरांकडे आणि दलदलीचा मुलूख धारकरांकडे असावा, पूल ही सरहद्द समजावी, आणि कोणी कोणाचे हद्दीत पाऊल न टाकावे, येणेकरोन सलोखा राहील. सगळ्यांनी एकत्र राहावे, असा खेळच आहे, हे इरावतीने नम्रपणे रुजू केले. त्यावर गोपाळरावांनीच डोळे वटारले, की व्याह्यांनी सन्मानाने दिलेली जहागीर नाकारू नये. चिखलाची जहागीर मिळाली आणि हेडमास्तरांची छाती फुगली. मनन हसून म्हणाले, असू द्या, मोठ्यांचे मन राखू. इरावतीस ते तेव्हा गोडच वाटले.

मग शस्त्रांची वाटणी. बंदूक तात्यासाहेबांनी घेतली, दोर मनन यांस दिला, कंदील इरावतीस गेला, गोपाळरावांस नकाशा मिळाला. उरली काडेपेटी. तो स्वयंपाकघराचा जिन्नस, म्हणोन सरलाबाईंकडे सरकविला. सरलाबाई म्हणजे मनन यांच्या मातोश्री. त्यांस मोजदादीत कोणी धरिले नव्हते. एक प्यादे जास्त पडले, म्हणोन आतून बोलाविले होते.

युद्धास तोंड लागले. भुते सारी दलदलीत उठली, इस्पितळी चिटपाखरू नाही. आणि तात्यासाहेब रिकाम्या इस्पितळाचे दारी बंदूक रोखून उभे, जणू दिल्ली राखतात! गोपाळराव नकाशा घेऊन एका कोरड्या उंचवट्यावर चढले आणि तेथून उपदेश करू लागले. इरावती कंदील घेऊन हडळीवर चालोन गेली, आणि पत्ता फिरला, आणि तिचे प्यादे चिखलात रुतले.

पुलाचे अलीकडे मनन यांचे प्यादे होते, हातात दोर होता, दोन घरांचे अंतर होते. इरावतीने त्यांजकडे पाहिले. मनन यांनी पटाकडे पाहिले, मग तीर्थरूपांकडे पाहिले, आणि पुसिले, "तात्या, जाऊ का? एक मिनिट लगेगा."

तात्यासाहेबांनी फर्माविले की, मुलाकडच्याने बोलावण्यावाचून मुलीकडचे हद्दीत शिरावे हा आपले घराण्याचा रिवाज नव्हे. धारकरांनी रीतसर आमंत्रण करावे, मग पाहू. गोपाळरावांनी उंचवट्यावरून जबाब धाडिला की, मुलीकडच्यांनी मदत मागणे म्हणजे लग्नाआधीच हात टेकणे, ते होणे नाही. पत्ता फिरला, प्यादे कमरेपर्यंत गेले. मग दोघांचा वाद लागला की, आमंत्रण तोंडी चालेल की अक्षता हव्यात. पत्ता फिरला, प्यादे गळ्यापर्यंत गेले. हडळसुद्धा वाट पाहून कंटाळली असेल! आणि मनन दोर बोटाला गुंडाळीत बसले. इरावतीने हळूच म्हटले, "मनन, बोलला होतात ना?" ते म्हणाले, "अगं, खेळच तर आहे. बडे लोग आहेत, उगाच कशाला?"

तिने डोळे टिपले. प्लास्टिकचे बोटभर प्यादे, त्यासाठी कोणी रडत नाही. परंतु ती त्यासाठी रडत नव्हती, आणि हे त्या खोलीत एकीसच कळले.

सरलाबाई कचोरीचे ताट उचलावयास उठल्या होत्या. त्यांनी ताट खाली आदळिले आणि म्हटले, "चूल्हे में जाए तुमचा रिवाज! पोरगी बुडते आहे, दिसत नाही?" आणि आपले प्यादे उचलून, सरहद्द ओलांडून, पूल पार करून, थेट दलदलीत नेऊन ठेविले. तात्यासाहेब गरजले की, हुकुमावाचून? बाई पुढे सरसावल्या. हात दिला, पोर वर काढिली, आणि म्हणाल्या, "घे गं बाई, काडेपेटी माझ्याचकडे आहे." कंदील पेटला. हडळ पटावरून गेली. दोघी बायका एकमेकींकडे पाहून अशा हसल्या, की बंदूकवाल्यास आपली बंदूक कोठे ठेवावी ते कळेना.

त्यासरशी दोन्ही व्याह्यांनी फत्ते जाहीर केली. तात्यासाहेब म्हणाले, आपले व्यूहामुळे जिंकलो. गोपाळराव म्हणाले, आपल्या नकाशामुळे. आणि दोघांनी पेढ्याचा पुडा फोडून, सोयरिक पक्की समजावी, असा एकमुखी ठराव केला. त्या दिवसातली त्यांची एकी काय ती हीच. मनन लाजून हसले.

इरावती उठली. तिने सरलाबाईंस वाकून नमस्कार केला आणि सर्वांचे समक्ष म्हणाली, "काकू, तुमच्याकडे मी खेळायला येत जाईन. नांदायला नाही."

पेढे पुड्यात राहिले. व्हॅन इंदूरमार्गे धारेस परत गेली. मनन पुण्यास गेले ते पेटी मागेच ठेवून गेले. त्याउपरि अवघ्या मुलखास विदित असावे की, हडळीचा पराभव जाहला, दलदल सर झाली, तिचा अंमल सरलाबाई आणि इरावती यांजकडे आहे, आणि सुट्टीचे दिवशी इरावती धारेहून येते तेव्हा डाव मांडिला जातो. तात्यासाहेब बाहेर ओट्यावर बसतात. मनन यांचे प्यादे दोघींनी मुद्दाम काढिले नाही. ते पुलाचे अलीकडे दोर घेऊन उभे आहे, हुकुमाची वाट पाहात आहे.