चंद्रप्पाचं कोपर

लातूर-नांदेडात ज्यानं कुणी गिटार गळ्यात अडकवली, तो माझ्या कॅमेऱ्यातून सुटला नाही! हे मी चारचौघांत छाती फुगवून सांगत असे. तीस वर्षं इथल्या पेपरात संगीतावर लिहितोय. भजनी मंडळं, कव्वाल्या, गणपतीतले ऑर्केस्ट्रे, हे सगळं पोटासाठी. जीव मात्र रॉकवर! आणि आमच्या लातूरचा रॉक बँड म्हणजे ‘लोडशेडिंग’. नाव अगदी खरं होतं. निम्मे कार्यक्रम दुसऱ्या गाण्यालाच अंधारात बुडायचे.

बँड केव्हाच मोडला, पण माझे फोटो होते. त्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि सगळ्यांना फोन लावले. गायक यासेर नांदेडहून निघालोच म्हणाला. ड्रम वाजवणाऱ्या चंद्रप्पाची आता देवणीला पिठाची गिरणी आहे. त्यानं तर फोनवरच गाऱ्हाणं मांडलं.

“साहेब, घरात कुनी मानंना बगा! बायको म्हनती, तुमी मंडपवाले असाल, खुर्च्या मांडत असाल. पोरगी कालेजात गेली, तरी हिचं एकच पालुपद. माझा फोटो हाय ना तुमच्याकडं?”

“एक? अरे, भिंत भरलीय! वहिनींना आण. अख्खं सासर आण!”

माझ्या तोंडाला कुलूप मिळालं तर बघा कुठं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये मी आणि माझी बायको शिल्पा फोटो टांगत होतो.

“अहो, यात तुमचा ड्रमवाला कुठाय?”

“मागे असतो तो.”

“मागे यासेरचे केस आहेत.”

“मग पुढचा फोटो बघ.”

“पुढच्यात यासेरचं तोंड आहे. त्याच्या पुढच्यात तोंडाच्या आतलं सगळं आहे. पडजीभसुद्धा!”

शिडी टाकून एकेक फोटो तपासला. चंद्रप्पा कुठंच नव्हता! एका फोटोत हवेत नुसती काठी. एकात गुडघा. एकात चेहरा होता, पण त्याच्यापुढे झांज अशी आली होती की खग्रास ग्रहणच! ड्रमवाला बसतो मागे, अंधारात, आणि मी आयुष्यभर उजेडात नाचणाऱ्याच्या मागे धावलो. शेवटी कोपऱ्यातल्या एका फोटोत एक कोपर सापडलं. स्वच्छ, ठसठशीत कोपर! बुडत्याला काडीचा आधार. मी खाली पट्टी चिकटवली: ‘ड्रमवादनात तल्लीन चंद्रप्पा’.

दुपारी दारात टेम्पो थांबला. चंद्रप्पा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस रंगवून उतरला. मागून बायको सिद्धम्मा, मुलगी साक्षी आणि तगडे तीन मेहुणे.

“कुठायत आमचे दाजी?” थोरल्या मेहुण्यानं भिंतीवरचे फोटो बघत विचारलं.

“हे काय!” मी कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवलं.

“हे कोपर?”

“तल्लीनता बघा ना किती आहे!”

सिद्धम्मानं चष्मा लावला. फोटोजवळ गेली. “ह्यांच्या कोपराला बैलगाडीवरनं पडल्याची खून हाय. ह्या कोपराला न्हाई.”

“प्रकाशयोजना, वहिनी! खुणा पुसल्या जातात.”

तेवढ्यात यासेर आला. माणूस दिलदार, सगळ्यांना मिठ्या मारल्या आणि फोटो बघून आनंदानं ओरडला, “अरे, ये तो अपने जिलानीभाई का हाथ! मंडपवाले! खुर्च्या लावायला यायचे ना?”

मेहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. साक्षीनं उगाच मोबाइल काढला.

सिद्धम्मा भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. खुर्च्या मांडनं काय वाईट काम न्हाई.”

चंद्रप्पानं मान खाली घातली. त्याच्या त्या इस्त्रीच्या शर्टाकडे मला बघवेना. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. त्याचं खरं आयुष्य मी एका खोट्या पट्टीनं खोटं पाडलं होतं.

शोभेसाठी मी एका कोपऱ्यात भाड्याचा ड्रमसेट मांडून ठेवला होता. चंद्रप्पानं तिकडं बघितलं. बाह्या दुमडल्या. जाऊन बसला.

आणि मग! काय वाजवलंय गड्यानं! खिडक्यांची तावदानं थरथरली. मेहुण्यांनी कानात बोटं घातली, मग काढली, मग टाळ्याच सुरू केल्या. यासेर पांढऱ्या केसांनी मान झटकत नाचायला लागला. जिलानीभाईंचं कोपर खिळ्यासकट खाली आलं.

सिद्धम्मा तोंडाला पदर लावून उभी होती. डोळे भरलेले. “अगं बाई,” एवढंच म्हणत होती. वाजवणं थांबलं तेव्हा ती घामानं निथळणाऱ्या नवऱ्याजवळ गेली, पदरानं त्याचं कपाळ पुसलं. मग सरळ माझ्याकडे आली.

“भाऊजी, हे तर खरंच वाजवत हुते.”

“तेच तर मी सांगत होतो, वहिनी!”

“हाव. पर तुमी तिथं हुता कशावरनं? तुमचा एखादा फोटो हाय का?”

मी भिंतीभर नजर फिरवली. कॅमेरा कायम माझ्याच हातात, माझा फोटो कोण काढणार?

शिल्पानं हातातला हातोडा सावकाश टेबलावर ठेवला.

“हो की,” ती म्हणाली. “इतकी वर्षं ‘कार्यक्रमाला गेलो होतो’ म्हणून मध्यरात्री घरी यायचात. दाखवा ना एखादा.”