मोठ्यानं वाचणारे तांबे गुरुजी

तांबे गुरुजींना मनातल्या मनात वाचता येत नाही. म्हणजे येत असेलही, पण तसं करताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, लग्नपत्रिका, बोर्लीच्या एसटी स्टँडवरचं वेळापत्रक, जे डोळ्यांपुढे येईल ते ते खणखणीत आवाजात वाचतात. स्टँडवर त्याचा उपयोग होतो. दवाखान्यात शेजारच्याच्या हातातला रिपोर्ट वाचायला लागले की मात्र पळापळ होते.

हा आवाज बुद्धविहारातला. आमच्या लहानपणी वर्षावासाच्या महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं आणि वाचायला गुरुजी. दाराशी छत्र्यांचा ढीग, आयांच्या मांडीवर पेंगणारी आम्ही पोरं आणि मागच्या बाजूनं येणारा खिरीचा वास. तो आवाज ऐकत ऐकत झोप लागण्याचं सुख मला पुढे कुठल्याच गादीवर मिळालं नाही. ते दिवस आठवले की अजून जीव हळवा होतो. वाचन आताही होतं, पण ऐकायला चार म्हाताऱ्या, आणि त्यातल्या दोघींना ऐकू येत नाही.

गुरुजी आमच्या शाळेतही शिकवायचे. शाळेतल्या पेटीतलं कुठलंही पुस्तक पोरांच्या हाती देण्याआधी ते पडवीत बसून काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाचून दाखवायचे. काकूंचा भाजी निवडणारा हात थांबला की पुस्तक चांगलं. काकू उठून आत गेल्या की पुस्तक बाद. "चारचौघांत वाचता येतं ना? मंग पोरांना चालतं," हा त्यांचा कायदा. काकू गेल्या, गुरुजी रिटायर झाले, पण कायदा राहिला. पोरांनी काय वाचावं, काय बघावं हे विचारायला आयाबाया अजून त्यांच्याच पडवीत येतात.

मीही गेले. माझी सानिका नववीत. तिच्या फोनमध्ये गोष्टींचं एक ॲप आलं होतं. गोष्ट मध्येच थांबते आणि नायिकेनं पुढे काय करायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. पोरगी दिवसभर त्यात. मी एकदा मागून डोकावले तर 'चुंबन' एवढा एकच शब्द दिसला आणि फोन उलटा झाला. काढून टाकलं असतं, पण मैत्रिणीच्या फोनवर तिनं ते वाचलंच असतं आणि आमच्यात उरलंसुरलं बोलणंही थांबलं असतं. गुरुजींनी नको म्हटलं की कोणाची बिशाद नव्हती. खरं सांगायचं तर मला त्यांचं मत नकोच होतं, शिक्का हवा होता.

गुरुजींनी ॲप आपल्या फोनमध्ये घेतलं. पहिली दुपार अटी आणि शर्ती वाचण्यात गेली, अर्थात मोठ्यानं. "'आपल्या संपर्क यादीची परवानगी द्या.' का रं बाबा? माझ्या वळखीपाळखीच्या मान्सांशी तुझं काय काम हाय?" आणि त्यांनी नकाराचं बटण असं दाबलं की फोन हातातून पडायचा राहिला.

मग गोष्ट सुरू झाली. शेजारच्या सखूबाई सुपात तांदूळ घेऊन आल्या, पलीकडच्या रुकय्याभाभी सहज म्हणून आल्या. गुरुजींनी चष्मा सावरला आणि विहारातल्याच संथ, गंभीर सुरात वाचलं, "आर्यनने रियाचा हात धरला. रियाचे हृदय वेगाने धावू लागले. पर्याय पहिला, हात सोडवून घे. पर्याय दुसरा, त्याच्या डोळ्यांत पाहा."

"सोडव म्हणावं!" सखूबाई कडाडल्या.

"बघू दे की जरा तिला," रुकय्याभाभी म्हणाल्या.

गुरुजींनी हात सोडवला आणि रियाला "शाब्बास" म्हणाले. पुढे रिया घरी उशिरा पोचली. आईशी खोटं बोलायचं तर फुकट, खरं सांगायचं तर ॲपमधले हिरे विकत घ्यायचे. गुरुजी खुर्चीतून उठलेच. "खऱ्याला पैसं आन् खोटं फुकट? ह्यो कुठला धंदा?"

होता होता आळीतल्या बायका दुपारची भांडी लवकर आटपायला लागल्या. 'रियाचं काय झालं' हे पाण्याच्या नळावर विचारलं जाऊ लागलं. निकालाचं कोणी नावच काढेना, तेव्हा एका संध्याकाळी मीच तो मागायला गेले.

गुरुजी एकटेच होते. म्हणाले, "एका गोष्टीत पोरगी न्हाय म्हणतेय आन् गोष्ट तिच्याकडनं व्हय म्हणवून घेते. वर त्याला प्रेम म्हणते. ती बाद. हिऱ्यांचं बटण बंद कर. रियाची चालंल, थोडी आगाऊ हाय, पन मनानं बरी हाय."

"म्हणजे ॲप काढूनच टाकते ना?" मी आपलं माझंच घोडं पुढे दामटलं.

"नको काढू."

"पण गुरुजी, दिवसभर त्यात तोंड घालून बसते हो ती."

गुरुजींनी फोन उचलून हातात घेतला. "वैशाली, तुझी काकू गेल्यापासनं 'आता काय करूया' असं मला कोन इचारत न्हाय. पोरगा फोन करतो. गोळ्या घेतल्या का, जेवलात का इचारतो. चांगला हाय तो. पन 'काय करूया' ह्ये येगळं असतं. ह्यो इचारतो." त्यांनी फोन जरासा वर केला. "खोटा असंल, पन इचारतो. सानिकाला घरात कोन इचारतं?"

ऊठ, आंघोळ कर, क्लासला जा, फोन ठेव. दिवसभरात मी पोरीशी एवढंच बोलत होते. मला रडू आलं, आणि ते गुरुजींसाठी की सानिकासाठी हे मला नीट सांगता येणार नाही.

घरी आले. सानिका खाटेवर, फोनमध्ये. म्हटलं, "गुरुजींकडे येतेस? ते रियाच्या गोष्टीत अडकलेत."

तिनं मान वर केली. "कुठल्या भागात?"

"आर्यन गाव सोडून चाललाय."

"अगं, तिथे सगळेच अडकतात," म्हणत ती चपला शोधायला लागली.

पडवीत गुरुजींनी फोन तिच्या हातात दिला. "तू वाच." ती आधी लाजली, मग वाचत गेली. आवाज ऐकून सखूबाईही आल्या, मी त्यांच्या शेजारी टेकले. गोष्ट अडायच्या जागी अडली. सानिकानं दोन्ही पर्याय वाचले, पण बोट टेकवलं नाही. गुरुजींकडे वळून तिनं विचारलं, "आजोबा, सांगा, काय करूया?"

गुरुजींनी चष्मा काढला. डोळे पुसले, काच पुसली, पुन्हा डोळे पुसले.

"थांब पोरी," ते म्हणाले, "मला जरा इचार करू दे."