दावा जिन्यावर

प्रतिवादीला स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून कोर्टात आणणारा वादी मी माझ्या सगळ्या वकिलीत एकच पाहिला. येशुदास साळवे. दावा त्यांनीच लावलेला, वकील त्यांचा मी, आणि ज्याच्यावर दावा तो देवसहायम त्यांच्या खांद्याला धरून मागच्या सीटवर. देवसहायमला दिसत कमी होतं, बसचा नंबर वाचता येत नसे.

"मग तो येणार कसा?" साळवेकाका मलाच विचारत. "तो आला नाही, की तुम्ही एकतर्फी निकाल मागणार."

मी मागणारच होतो.

काका मूळचे नगरकडचे. तरुणपणी फिटर म्हणून मद्रासला आले, पुढे गिंडीत स्वतःचं लेथ टाकलं आणि इथलेच झाले. आमच्या घरी मराठी बोलतात हे कळल्यावर ते माझ्याकडे आले. आमचं तंजावरचं मराठी ऐकून त्यांना हसू फुटायचं. त्यांचं ऐकून माझी आई म्हणायची, हे कुठलं नवीन मराठी!

भांडण जिन्याचं होतं. देवसहायमचं घर पुढे, काकांचं मागे, मधून दोघांच्या वहिवाटीचा बोळ. देवसहायमने वरती खोल्या काढून शोळिंगनल्लूरच्या कंपन्यांतल्या पोरांना भाड्याने दिल्या आणि त्यांच्यासाठी बोळातच सिमेंटचा जिना घातला. माणूस अंग चोरून जाऊ शके. पण काकांची बायको मार्थाबाई अर्धांगवायूपासून चाकाच्या खुर्चीत होती, आणि खुर्ची काही जाईना.

काकांनी आधी खुर्चीच बारीक करून पाहिली. लेथवर नेऊन तिच्या चाकांच्या कडा उतरवल्या, मग खुर्चीचे हात कापले. तरी अंगठाभर कमी पडेच. तेव्हा मार्थाबाई म्हणाल्या, "आता मलाच तासा." खुर्चीसकट उचलून नेतो म्हटलं, तर म्हणाल्या, "मी काय कपाट आहे?" जिना झाल्यापासून त्या चर्चला गेल्या नव्हत्या. चर्च कोपऱ्यावर होतं. रविवारी गाणी घरात ऐकू यायची, आणि त्यांत देवसहायमचा जाडा आवाज सगळ्यांत वर.

कारण दोघं एकाच मंडळीतले. काकांची खरी पंचाईत ती होती.

"पौल काय म्हणतो, वकील?" ते माझ्या टेबलावर बोट आपटत विचारायचे. मला काय माहीत! मग तेच बायबलातलं सांगायचे. विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्याला कोर्टात खेचू नये. त्यापेक्षा अन्याय सोसावा.

"मग सोसा," मी एकदा वैतागून म्हणालो.

"मी सोसतोच आहे. पण मार्थाने का सोसायचं?" मग ते म्हणाले, "पौलाला बायको नव्हती."

आधी ते मंडळीच्या पंचांकडे गेले होते. पंचांनी प्रार्थना केली, चहा घेतला आणि दोघांनाही नम्र व्हायला सांगितलं. जिना होता तिथेच राहिला.

दाव्याचा मसुदा करताना काकांनी मला रडकुंडीला आणलं. 'प्रतिवादीने दुष्ट हेतूने' असं आम्ही सवयीने लिहितो. त्यांनी ते खोडलं. "दुष्ट नाही तो. अक्कल कमी आहे. तसं लिहा." तसं लिहिता येत नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग काहीच लिहू नका. दावा जिन्यावर आहे, माणसावर नाही."

दर तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात ते देवसहायमचा हात धरून डोळे मिटून उभे राहायचे. "खरं असेल ते होऊ दे." देवसहायम आमेन म्हणायचा. पहिल्यांदा हे पाहून समोरचा वकील घाबरून माझ्याकडे धावत आला. त्याला वाटलं, परस्पर तडजोड झाली.

मला हे सगळं नाटकी वाटायचं. मग एकदा कागदांवर सही घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा चर्चचे पाळक मार्थाबाईंना घरीच प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर, द्यायला आले होते. काका उठून स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मंडळीतल्या भावाशी वाद चालू असताना त्या भाकरीला हात लावायचा नाही, असं त्यांनी स्वतःवर घालून घेतलं होतं. मार्थाबाईंच्या तोंडात घास होता आणि डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे. त्या दिवसापासून मी त्यांना हसलो नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. जिना काढा. मी पेढे मागितले, तर काका गर्दीत देवसहायमला शोधत होते. तो चाचपडत बाहेर पडून ऑटोने निघून गेला होता. त्यानंतर तो काकांशी बोलेना, चर्चलाही जाईना. काका रविवारी त्याच्या दारापुढे थांबून हाक मारत आणि एकटेच पुढे जात. जिना पडला, बोळ मोकळा झाला, तरी मार्थाबाई बाहेर निघेनात. "त्याला घरात बसवून मी कशी जाऊ?" म्हणाल्या.

मग काका देवसहायमच्या बंद दाराशी जाऊन ओरडले, "तुझ्या घराच्या समोरच्या अंगाला लोखंडी जिना बसवतो. नको असेल तर नको म्हण." आतून आवाज आला नाही. म्हणजे नको म्हणाला नाही, असा अर्थ काकांनी काढला.

"काका, ही त्याच्या जागेत घुसखोरी होते. तो तुमच्यावर दावा लावेल," मी म्हणालो.

"लावू दे. मीच नेईन त्याला स्कूटरवर."

जिना मी पाहिला. पायऱ्या बेताच्या उंचीच्या, कठडा थेट उंबऱ्यापर्यंत आणलेला, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा. पोरांना पट्टा कशाला, असं विचारलं. "त्याला पिवळं अजून दिसतं," काका म्हणाले.

परवा ते माझ्याकडे आले. बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले.

"रविवारी प्रभुभोजन होतं. मी त्याच्या दाराशी थांबलो तर दार उघडलं. मला काही बोलला नाही. बोळातून चाचपत आमच्या घरी गेला आणि मार्थाला म्हणाला, 'पोलामा, अक्का?' चला, म्हणे. आणि खुर्चीची मूठ चाचपून ढकलायला लागला. दिसत नाही काही. मार्था सांगते, डावीकडे, उजवीकडे, खड्डा. मी आपला मागून."

"आणि चर्चमध्ये?"

"वेदीपाशी गुडघे टेकायचे असतात. त्याला पायरी दिसेना, म्हणून मी हात धरला. भाकर घ्यायला दोन्ही हात पुढे करावे लागतात, वकील. एकावर एक. मी सोडवायला गेलो, तर त्याने माझा हात सोडलाच नाही." काकांनी पेपरवेट खाली ठेवला. "मग एक हात माझा, एक त्याचा. पाळक बघतच राहिले. शेवटी त्यांनी त्यातच ठेवली."

काकांनी हेल्मेट उचललं, दारापर्यंत गेले आणि वळले.

"पौल यावर काही म्हणतो का, ते बघितलं पाहिजे."