धनीबाई रेडिओत लागली तो दिवस

रविवारी सकाळी कमलाकर मुळावकरांनी रेडिओवरचा भरतकामाचा रुमाल उचलला, रेडिओकडे मायेनं पाहिलं आणि रुमाल परत घातला. बॅटरी उतरत आली होती. नवी बॅटरी बुधवारी यवतमाळहून यायची होती आणि आजच संध्याकाळी साडेसहाला, ग्रामस्थांच्या कार्यक्रमात, सदाशिवराव साहेबांचं 'शेणखताचा खड्डा' या विषयावर भाषण होतं.

साहेब म्हणजे आर्णीच्या विकास कचेरीतले कमलाकरांचे वरिष्ठ. "मुळावकर, नीट ऐका आणि कसं झालं ते सांगा," असं त्यांनी बजावलं होतं. कमलाकरांचा यवतमाळच्या बदलीचा अर्ज साहेबांच्याच टेबलावर पडून होता. तेव्हा संध्याकाळपर्यंत रेडिओला कोणी हात लावायचा नाही, असा कमलाकरांनी घरात हुकूम काढला. घरात बायको रत्नप्रभा सोडून दुसरं कोणी नव्हतं.

हुकूम निघून पाच मिनिटं झाली नसतील, तोच अंगणात बांगड्या-घुंगरांचा आवाज झाला. दार उघडून पाहतात तो समोर बंजाऱ्यांचा अख्खा तांडा! तीस-पस्तीस माणसं. सगळ्यांत पुढे गुलाबसिंग, त्याच्यामागे आरशांची ओढणी तोंडावर ओढून त्याची बायको धनीबाई, आणि तिच्यामागे कमरेवर हात ठेवून त्याची आई रामीबाई.

"रामराम बाबूजी," गुलाबसिंग म्हणाला. "आमची धनी आज रेडिओत लागून राह्यली."

महिन्यापूर्वी कचेरीनं तांड्यातल्या बायकांना नागपूरच्या मेळ्याला नेलं होतं. तिथं रेडिओवाल्यांनी धनीबाईचं होळीचं गाणं, म्हणजे लेंगी, भरून घेतली होती. आता तिच्या नावानं कार्ड आलं होतं. कमलाकरांनी कार्ड घेतलं. तारीख आजचीच होती. वेळेच्या जागी मात्र पिवळाजर्द डाग होता.

"हे काय?"

"याडीनं कार्ड देवापुढं ठेवलं," गुलाबसिंग आईकडे बघत म्हणाला. "हळदकुंकू वाह्यलं."

"मग? सरकारी कागद घरात आला तं तसाच ठेवू?" रामीबाई म्हणाली.

"हे बघा, बहुतेक संध्याकाळी असेल," कमलाकर घाईघाईनं म्हणाले. "तुम्ही असं करा, साडेसहाला या."

"बहुतेक म्हनता न बाबूजी? आन् सकाळीच लागून गेलं तं? आमी पयल्यापासून आयकतो. मधात कुठंतरी सापडनच."

कमलाकर बॅटरीची गोष्ट काढणार, तोच मागून रत्नप्रभा म्हणाली, "या ना, आत या. धनीबाई, तुम्ही अशा पुढे बसा." तिनं रुमाल काढला आणि बटण फिरवलं. बॅटरी वाचवायला तीन दिवस रेडिओ बंदच होता, आणि तिलाही तो ऐकायचा होताच.

पहिल्यांदा भजन लागलं. बाईचा आवाज आल्याबरोबर तीस माना धनीबाईकडे वळल्या. तिनं मान हलवली. मग बातम्या झाल्या. त्याही बाईच देत होती, म्हणून त्याही सगळ्यांनी नीट ऐकल्या. मग एका बुवांनी ख्याल सुरू केला. पंधरा मिनिटं झाली तरी बुवा पहिल्याच ओळीवर होते.

"त्याले पुढचं येत नाई का?" रामीबाईनं विचारलं.

"याडी, तू चुप बैस."

"म्या कायले चुप बसू? कोनी सांगा न त्याले पुढचं."

साडेनवाला निवेदकानं सांगितलं, की आमची पहिली सभा इथं संपते. गुलाबसिंग ताडकन उठला. "सभा संपली? मंग आमचं गानं?"

दुपारी दुसरी सभा असते हे समजावून सांगण्यात कमलाकरांचा घसा बसला. मधल्या वेळात त्यांनी बॅटरी काढून अंगणात उन्हात ठेवली. उन्हानं थोडा जीव येतो म्हणतात. बॅटरीवर कावळा बसू नये म्हणून चार बाया तिच्याभोवती राखणीला बसल्या.

दुपारी महिलांचा कार्यक्रम लागला. रत्नप्रभा वही-पेन्सिल घेऊन बसली होती, खोबऱ्याच्या वड्यांची कृती लिहून घ्यायला. पण त्याआधी एक बाई बाळाला तेल कसं लावावं हे सांगत होत्या, आणि त्यावर रामीबाईचं इतकं वाजलं, की खोबऱ्यात साखर किती घालायची ते वहीत आलंच नाही. पुढे निबंधाच्या शैलीवर कोणा प्राध्यापकांचं भाषण झालं. त्यात अर्धा तांडा झोपला. उरलेला अर्धा धनीबाईला हलवून विचारत होता, "याच्या मांगून तं नाई?"

तीनच्या सुमाराला वारा सुटला आणि मागच्या अंगणातल्या कडुलिंबावर ताणलेली एरियलची तार सुटून पडली. रेडिओ नुसता खरखर करू लागला. गुलाबसिंग झाडावर चढला, त्यानं तार धरली, आवाज आला. त्यानं तार फांदीला बांधली, आवाज गेला. पुन्हा हातात धरली, पुन्हा आला.

"राहू द्या बाबूजी," तो वरून ओरडला. "मी हितंच बसतो. लागलं म्हंजे मले आयकू येईनच."

तेव्हापासून गुलाबसिंग झाडावरच होता. घराच्या कौलांपलीकडचं त्याला काही दिसत नव्हतं.

सहा वाजता पुढच्या दारातून साक्षात सदाशिवराव साहेब आत आले.

"आमचा रेडिओ दुरुस्तीला गेलाय, मुळावकर. म्हटलं, तुमच्याकडेच ऐकू." साहेबांनी खोलीभर पाहिलं. "वा! शेतकऱ्यांना मुद्दाम बोलावलंत? शाबास!"

कमलाकरांनी खुर्ची पुढे केली. साहेब घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसले, आणि साडेसहाला भाषण सुरू झालं. आवाज उतरला होता, पण शब्द कळत होते. खड्डा तीन फूट खोल घ्यावा, रेडिओ म्हणाला.

"तीन फूट?" रामीबाई गरजली. "बैल पडला त्यात तं कोन काढन?"

"कुंपण घालायचं, बाई. ते पुढे येतंय," साहेब म्हणाले.

ते पुढे आलं नाही. रेडिओ एकदम कडुलिंबाच्या पाल्यावर गेला.

"कुठं आलं कुंपन?"

"वेळ कमी होता, म्हणून गाळलं!"

"तुमाले काय मालूम?"

"अहो, मीच बोलतोय ते!"

"तुमी हितं, आन् बोलनारा तिथं. मले येडी समजता का? त्यानं कवा शेनात हात घातला असन असं त्याच्या आवाजावरून वाटत नाई!"

"मी बी.एस्सी. ॲग्री आहे!" साहेब उभे राहून ओरडले.

"असान! शेनाले सांगा!"

कमलाकरांनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांसमोरून यवतमाळची बदली धूळ उडवत निघून गेली. भांडणाच्या गदारोळात भाषण कधी संपलं ते खुद्द वक्त्यालाही कळलं नाही.

आणि मुंगीएवढ्या आवाजात निवेदक म्हणाला, "आता ऐकू या आर्णी भागातल्या धनीबाई आणि..."

भांडण जागच्या जागी थांबलं. डफावर चार थापा पडल्या. धनीबाईच्या आवाजात अर्धी ओळ आली, आणि रेडिओ मेला. कमलाकरांनी बटणं फिरवली, पाठीवर थापट्या मारल्या. काही नाही.

धनीबाईनं ओढणी हळूच मागे सारली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचा चेहरा दिसला. तिच्याकडे बघवेना.

"थांबली काहून व?" रामीबाई एकदम म्हणाली. "पुढचं तं तुले येते न?"

धनीबाईनं सासूकडे पाहिलं. आणि जिथं रेडिओ थांबला होता, तिथूनच ओळ उचलली. आधी दबकत, मग मोकळ्या गळ्यानं. बाया उठल्या. कोणी परात घेतली, कोणी टाळ्या वाजवू लागलं. भिंतीवरची भांडी वाजायला लागली. कचेरी सुटल्यावरही कोट न काढणारे सदाशिवराव साहेब खुर्चीच्या हातावर ताल धरून बसले.

गाणं संपलं आणि गुलाबसिंग मागच्या दारातून धावत आत आला. हात खरचटलेले, डोक्यात पाला, डोळ्यांत पाणी.

"आयकलं, धनी! सबन आयकलं! बाबूजी, काय साफ आवाज आहे तुमच्या रेडिओचा! सामने बसून गाऊन राह्यली असंच वाटे!"

धनीबाईनं ओढणी पुन्हा ओढून घेतली. "चांगलं झालं?" तिनं विचारलं.

"चांगलं? अवं, रेडिओत गेल्यावर तुहा आवाज डबल झाला!" तो कमलाकरांकडे वळला. "आन् बाबूजी, त्याच्या आंधीचं ते नाटक! मी तं हासू हासू झाडावरून पडत होतो. तो शेनखतवाला साहेब आन् ते म्हातारी! म्हातारी तं थेट आमच्या याडीवानीच बोले. पन साहेबाचं काम ज्यानं केलं न, त्याले इनाम द्या!"

रामीबाई छताकडे पाहू लागली. साहेबांचा चेहरा लाल झाला, मग त्याहून लाल झाला. त्यांनी कमलाकरांकडे पाहिलं.

कमलाकरांनी बंद रेडिओवर रुमाल घातला, त्याची चारी टोकं सरळ केली आणि म्हणाले, "श्रुतिका होती ती, गुलाबसिंग."

"हो," साहेब सावकाश म्हणाले. "बरी बसवली होती. त्या म्हाताऱ्या बाईंचं कामसुद्धा वाईट नव्हतं."