हिरवे रक्त बालयोग्य

फोनवर व्हिडिओ गेम खेळून दाखवणाऱ्या वाहिन्या लहान मुलांनी पाहाव्यात किंवा कसे, याचा निर्णय घेण्यासाठी आमच्या कार्यालयाने त्रिसदस्यीय समिती नेमली. अध्यक्ष आमचे साहेब. बालतज्ज्ञ म्हणून एक दंतवैद्य, कारण मुलांना तोंड उघडायला लावण्याचा त्यांना वीस वर्षांचा अनुभव होता. तिसरा मी, वरिष्ठ लिपिक. टाइप करायला कोणीतरी लागतंच.

नवा तपासणी फॉर्म मंजूर व्हायला वर्ष गेलं असतं. म्हणून नाटकांच्या परवान्याचा जुना, अडतीस प्रश्नांचा फॉर्म काढला आणि ‘नाटक’ या शब्दावर पांढरी शाई फासून ‘वाहिनी’ असं लिहिलं. ते काम मी जातीने केलं. दोन-तीन ठिकाणी राहून गेलं, पण साहेब म्हणाले, “असू दे, अर्थ पोचतो.”

पहिली वाहिनी आली ती मुलं ज्याला ‘धडधड्या’ म्हणतात त्या इसमाची. हेल्मेट घालून तो अकरा मिनिटं बोंबलत होता आणि तेवढ्यात त्याने खेळातली चौसष्ट माणसं मारली. दंतवैद्यांनी स्वतःचा गाल धरला. साहेबांनी मात्र विचलित न होता फॉर्म उघडला.

“रक्त लाल रंगाचे दाखवले आहे काय?”

“हिरवं आहे साहेब,” मी म्हणालो.

“मग ‘नाही’ लिहा. रंगमंचावर धूम्रपान?”

“त्यांना श्वास घ्यायलाही फुरसत नाही.”

“नाही. आग विझवण्यासाठी वाळूची सोय?”

मी पडद्याकडे पाहिलं. धडधड्या वाळूच्या पोत्यांआड बसून बंदूक भरत होता. “मुबलक आहे.”

“आणीबाणीत बाहेर पडण्याचे मार्ग?”

“सगळे पळतायत, म्हणजे असणारच.”

अडतीस प्रश्न, अडतीस समाधानकारक उत्तरं. वाहिनीवर ‘बालयोग्य’ असा शिक्का बसला आणि चहा आला.

दुसरी वाहिनी मला आधीच ठाऊक होती. माझी मुलगी भिंगरी नऊ वर्षांची. ती ज्यांना ‘ठोकळेआत्या’ म्हणते त्या बाईंची ती वाहिनी. या बाई दिवसा चष्म्याच्या दुकानात कामाला, आणि आठवड्यातून दोनदा खेळातले ठोकळे रचून घरं, पूल, विहिरी बांधून दाखवायच्या. आवाज असा, की ताप आलेल्या पोरालाही झोप लागावी. व्हिडिओ संपताना म्हणायच्या, “आता बंद करा बरं, आणि तुम्ही काय बांधलंत ते घरातल्या कोणालातरी दाखवा.” त्यामुळे भिंगरी दर खेपेला माझ्यापुढे येऊन उभी राही. “बाबा, बघा ना, माझा पूल पडत नाहीये!” मी म्हणायचो, “छान. नंतर बघतो.”

सुनावणीला ठोकळेआत्या इस्त्रीच्या साडीत, दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या. साहेबांनी खुर्ची दिली नाही, कारण तिसरी खुर्ची माझी होती.

“बांधकामास परवानगी घेतली आहे काय?” साहेबांनी विचारलं.

“कुठल्या बांधकामाला?”

“आपण आतापर्यंत एकशे बारा घरं बांधलीत. आम्ही मोजली आहेत.”

“अहो, ती खोटी घरं आहेत.”

“खोटी?” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “लिहा, फसवणूक. रंगमंचावर जिवंत जनावर आणलं आहे काय? एका भागात कोंबडी दिसते.”

“ती जिवंत नाहीये हो, साहेब.”

“बाई, मेलेली कोंबडी दाखवता लहान मुलांना?”

आत्यांनी दंतवैद्यांकडे आशेनं पाहिलं. दंतवैद्य म्हणाले, “मला वेगळीच काळजी आहे. तुम्ही शेवटी मुलांना पालकांकडे पाठवता. पालक कामावरून दमून आलेले असतात. त्यांचा विचार केलात?”

“मी त्यांचाच विचार करत होते,” आत्या म्हणाल्या. “तुमच्यापैकी कोणाच्या घरी लहान मूल आहे?”

मी प्रश्न जसाच्या तसा टाइप केला.

फॉर्मच्या तळाशी एक रकाना असतो, ‘तपासनिसाचा स्वतंत्र अभिप्राय’. एवढी एकच ओळ माझी होती. मला ठाऊक होतं, की ही बाई भली आहे, आणि माझ्या पोरीला सातचा पाढा शाळेने नव्हे, तिच्या सात-सात ठोकळ्यांच्या विहिरींनी शिकवला आहे. मी ‘ही वाहिनी’ एवढं टाइप केलं. साहेब मागे येऊन उभे राहिले. माझी बढतीची फाइल त्याच आठवड्यात त्यांच्याकडे गेली होती. मी ओळ पुरी केली: ‘ही वाहिनी नियमांत बसत नाही.’ वाक्य खोटं नव्हतं. तेच तर त्याचं सौंदर्य.

महिनाभरात मंजूर वाहिन्यांची यादी घरोघरच्या फोनवर पोचली. आत्या गायब झाल्या आणि त्यांच्या जागी शिक्क्यानिशी धडधड्या आला.

“आत्यानं काय केलं, बाबा?” भिंगरीने विचारलं.

“परवानगी घेतली नव्हती.”

“कुणाची?”

“मोठी झालीस की कळेल.”

आता ती माझ्यापुढे येऊन उभी राहत नाही. दाराची घंटा वाजली की सोफ्यामागे दडते. परवा जेवताना ही तिला म्हणाली, “भाजी संपव गं.” त्यावर भिंगरीने चमचा रोखला आणि शांतपणे म्हणाली, “आई, तू तीन गोळ्यांत मेलीस.” हिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “बालयोग्य आहे ते.” शिक्का मीच मारला होता, आता तोंडाने दुसरं काय निघणार?

मग यादीचं मूल्यमापन आलं. प्रत्येक घरी एक छापील फॉर्म गेला. त्यातला चौथा प्रश्न होता: ‘सदर वाहिनी पालकांनी स्वतः पूर्ण पाहिली आहे काय?’ आमच्या घरचा फॉर्म घेऊन भिंगरी आली तेव्हा मी फोनवर कसलीशी क्रिकेटची चर्चा ऐकत होतो.

“बाबा, इथे काय लिहू?”

“होय लिही.”

“पण तुम्ही तर...”

“लिही म्हटलं ना. आणि खाली सही कर. माझी सही येते ना तुला?”

तिला येत होती. शाळेच्या वहीवर तिनेच तर केली होती सगळं वर्षभर.

हजारो फॉर्म परत आले. चौथ्या प्रश्नाला एकूण एक घराने ‘होय’ असं उत्तर दिलं होतं. साहेब गहिवरले. “एवढे जागरूक पालक जगात कुठे नसतील,” असं म्हणून त्यांनी वरिष्ठांना अहवाल धाडला. साहेबांना बढती मिळाली, दंतवैद्यांना दुसरी समिती मिळाली आणि मला ते फॉर्म गठ्ठे बांधून कपाटात ठेवायचं काम मिळालं.

बांधताना मी ते चाळले. तुमचाही सापडला. सगळे रकाने भरलेले, कुठे खाडाखोड नाही, ‘होय’ कसं गोल गोल आणि ठसठशीत. सहीसुद्धा अगदी काळजीपूर्वक, जीभ बाहेर काढून केल्यासारखी.

अक्षर फार सुबक आहे हो. कितवीत आहे?